मुंबईहून आलेला फोन

आमच्या घराच्या भिंतीला लागून रशीदभाईंची पिठाची गिरणी होती, आणि माझ्या लहानपणातलं सगळं बोलणं त्या गिरणीच्या आवाजावर चढवून केलेलं आहे. औरंगपुऱ्यातल्या त्या अरुंद गल्लीत सकाळी गिरणीचा पट्टा फिरायला लागला की आमच्या फडताळातल्या कपबशा बारीक किणकिणायच्या आणि आईचा आवाज आपोआप वर चढायचा. लग्न होऊन मी पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढ्या मोठ्यानं का ओरडतेस? मी इथंच तर आहे." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बाकीच्या घरांत माणसं हळू बोलतात. आमच्या घरात हळू बोलायचा हक्क फक्त अण्णांना होता. माझे वडील शाळेत इतिहास शिकवायचे. बोलायचं असलं की ते गिरणी थांबायची वाट बघत, मग एखादं वाक्य सांगत, आणि ते वाक्य शेवटचं असे. मी कोणत्या शाखेत जायचं, गच्चीवर पत्रा टाकायचा की नाही, शेजारच्या दोन भावांतली भिंत कुणाच्या हद्दीत येते, सगळं. गल्लीतसुद्धा वाद झाला की लोक म्हणायचे, "चला, मास्तरांना विचारू." अण्णा म्हणाले म्हणजे झालं. हे वाक्य मी बोलायला शिकले त्याच सुमारास ऐकलं असणार.

आमच्या वरच्या खोलीत उज्ज्वलाताई राहायला आली तेव्हा मी शाळेत शेवटच्या वर्षाला होते. फुलंब्रीच्या पुढच्या एका गावातली. घरची शेती बरी, दोघे भाऊ शहरात कंपनीत नोकरीला, आणि ही धाकटी बी.ए. होऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला आलेली. तिला सोडायला तिचे वडील जीप घेऊन आले होते. सगळं गाव त्यांना दादा म्हणायचं म्हणून आम्हीही दादाच म्हणायला लागलो. उंच, रुंद माणूस, आमच्या दारातून वाकून आत यावं लागायचं. जीपमधून एक पत्र्याची पेटी उतरली, ज्वारीचं पोतं उतरलं आणि ओल्या मातीसकट अद्रकाचं एक मोठं गाठोडं. दादा नंतर जेव्हा जेव्हा आले तेव्हा ते गाठोडं आलंच. आई अर्ध्या गल्लीत अद्रक वाटायची, तरी आमच्या घराला महिनाभर त्याचाच वास. दादांनी त्या दिवशी अण्णांपुढं हात जोडले आणि म्हणाले, "मास्तर, पोरगी तुमच्या हवाली. आजपासून तुम्ही सांगताल तसं वागंल ती." उज्ज्वलाताईनं वाकून अण्णांच्या पायांना हात लावला. तिनं ते वाक्य किती मनावर घेतलं होतं ते आम्हाला पुढं कळायचं होतं.

ती पहाटे उठायची, अभ्यास करायची, आणि संध्याकाळी खाली येऊन आईच्या हातातली परात ओढून घ्यायची. "सरका काकू, तुमच्या भाकरीच्या कडा फाटत्यात." भाकरी थापताना ती मला पुस्तक घेऊन समोर बसवायची आणि म्हणायची, "विचार. कुठलंबी पान उघड." मी विचारायची, ती थापता थापता उत्तर द्यायची. भारतातले घाट, राज्यघटनेतली कलमं, कोणत्या नदीची उपनदी कोणती. उत्तर बरोबर आलं की भाकरी तव्यावर पडायची, चुकलं की ती हात तसाच हवेत धरून मला म्हणायची, "परत वाच." तिच्या भाकरीबरोबर भाजून दळलेल्या येसराची आमटी असली की मी दोन भाकऱ्या जास्त खायची. आता मला डॉक्टरांनी ज्वारीच खायला सांगितलीय, आणि पुण्यात कुठूनही आणलं तरी ते पीठ तसं लागत नाही. गिरणीचा दोष असेल, नाहीतर जिभेचा.

तिला काय व्हायचं होतं ते तिनं मला एकदा साध्या शब्दांत सांगितलं होतं. सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला दादा तिला घेऊन तहसिलात गेले होते. पूर्ण दिवस तिथं उभे होते, आणि टेबलाच्या पलीकडची बाई एकदाही मान वर करून बघायला तयार नव्हती. "मला टेबलाच्या त्या बाजूला बसायचंय, मीनू," ती म्हणाली. "अन् समोरच्याला आधी बस म्हणायचंय."

पण घरून तिला एकाच वर्षाची मुदत होती आणि पहिल्या परीक्षेत ती थोडक्यात राहिली. स्थळं यायला लागली होती. त्याच दिवसांत मराठी वाहिनीवर दर रविवारी संध्याकाळी एक प्रश्नमंजूषा लागायची, आणि आमची गल्ली त्या वेळेला ओस पडायची. समोर प्रश्न, त्याला चार उत्तरं. बरोबर दिलं की वरची पायरी. अडलं तर एकदाच घरच्या माणसाला फोन करायचा. नको वाटलं तर मिळवलेलं घेऊन आपणहून थांबायचं, आणि चुकलं तर जवळजवळ सगळं घालवून बाहेर. उज्ज्वलाताईनं कुणाला न सांगता भाग घ्यायला नाव दिलं. फोनवर प्रश्न झाले, मग पुण्याला चाचणी झाली, आणि एके दिवशी आमच्या फोनवर निरोप आला की ती निवडली गेली आहे. तिनं रिसीव्हर ठेवला आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. आईला वाटलं गावाकडून काहीतरी वाईट कळलं.

दादा दुसऱ्याच दिवशी आले. बाहेरच्या खोलीत टोपी गुडघ्यावर ठेवून बशीतून चहा पीत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "काऊन जायाचं तिथं? समद्या महाराष्ट्रापुढं चुकायला?"

"चुकेलच असं कशावरून?" अण्णा म्हणाले.

दादांनी उरलेला चहा बशीत ओतून संपवला. मग म्हणाले, "बरं. म्या स्वतः घेऊन जातो. पर महा एक शब्द हाय. पोरीचं स्थळ आलंय, चांगलं हाय, मुलगा कारखान्यात हाय. तिथं चुकून बाहेर पडली तर गप हूं म्हणायचं अन् लगीन करायचं. नाय चुकली, आपणहून थांबली तरी चालंल, तर दोन वर्सं म्या तोंडातून लग्नाचं नाव काढणार नाय. बोल, हाय का कबूल?"

उज्ज्वलाताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी मान हलवली, आणि मग ती म्हणाली, "कबूल."

घरच्या फोनसाठी कुणाचं नाव द्यायचं याची चर्चासुद्धा झाली नाही. तिचा मध्ययुगीन इतिहास कच्चा होता, आणि तो तर अण्णांचा प्रांत. ते दर हिवाळ्यात शाळेची सहल काढायचे: दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ. एकेका दगडाची हकीकत सांगायचे. मीसुद्धा तीन-चारदा गेलेली.

चित्रीकरणाच्या दिवशी दुपारभर फोन मोकळा ठेवा असं मुंबईहून बजावलं होतं. खोलीत दुसऱ्या कुणी बोलायचं नाही, पुस्तक जवळ ठेवायचं नाही, अर्ध्या मिनिटात फोन आपोआप तुटेल. आईनं सकाळपासून स्वयंपाकाचा ताल सोडला होता. वरणाला दोनदा मीठ पडलं आणि ते तसंच खाल्लं गेलं. अण्णांनी शाळेतून रजा घेतली, अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला आणि फोनपाशी खुर्ची ओढून बसले, जणू पलीकडून ते कुणाला दिसणार होते. अडचण होती ती गिरणीची. आई रशीदभाईंना विचारायला गेली तर ते हात झाडत बाहेर आले, भुवयांपर्यंत पांढरे. "भाभी, बच्ची का इम्तिहान है ना? बंद करता." त्यांनी खरोखर पट्टा उतरवून ठेवला. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायकांना परत पाठवलं.

त्या दुपारइतकी शांतता आमच्या घरानं कधी ऐकली नव्हती. कपबशा गप्प होत्या. गुलमंडीकडून रिक्षांचे हॉर्न इतके स्पष्ट यायला लागले की मला ते कुणीतरी मुद्दाम जवळ आणलेत असं वाटलं. एकदा फोन वाजला आणि आम्ही तिघंही दचकलो. माझी मावशी होती. आईनं "नंतर" एवढंच म्हणून ठेवून दिला. अण्णांच्या कपाळावर घाम होता. मी त्यांना कधी वर्गात, कधी सभेत, कधी भांडणाऱ्या भावांमध्ये बसलेलं बघितलं होतं, पण घामेजलेलं नाही. ते तळहात धोतरावर पुसत होते आणि पुन्हा पुन्हा खुर्ची पुढं ओढत होते.

फोन वाजला. आधी एक अनोळखी पुरुषी आवाज, मग एकदम उज्ज्वलाताईचा, घाईघाईत. रिसीव्हर मोठ्यानं बोलणारा होता, त्यामुळं मला शब्द न् शब्द ऐकू आला. "अण्णा, मलिक अंबरची कबर कुठं आहे? अहमदनगर, दौलताबाद, खुलताबाद, परांडा. अण्णा, मला खुलताबाद वाटतंय."

अण्णा ताडकन म्हणाले, "नाही नाही, दौलताबाद."

"नक्की अण्णा?"

"दौलताबाद. मी सांगतो ना."

आणि फोन तुटला.

अण्णांनी रिसीव्हर ठेवला. आई कानशिलावर बोटं मोडत म्हणाली, "झालं बाई. येत होतं ना तुम्हाला?" अण्णा उत्तर द्यायला वळले आणि तसेच थांबले. मी त्यांच्याकडंच बघत होते. त्यांचा चेहरा हळूहळू, वरून खाली, रिकामा होत गेला. "खुलताबाद," ते म्हणाले. "अगं, खुलताबाद. त्या घुमटाच्या सावलीत डबे खातो आम्ही पोरं घेऊन." त्यांनी पुन्हा रिसीव्हर उचलला, कानाला लावला. आत फक्त तो एकसुरी आवाज. कुणाला लावणार होते? ते रिसीव्हर कानाला धरून तसेच उभे राहिले, आणि शेवटी आईनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

असं का झालं, हे मी आजवर बऱ्याच वेळा मनात उलगडून पाहिलंय. मलिक अंबर म्हटलं की अण्णांच्या डोळ्यांपुढं दौलताबादचा किल्लाच यायचा. तिथंच उभे राहून ते त्याची गोष्ट सांगायचे. पण खरं कारण मला त्या "नाही नाही"मध्ये दिसतं. समोरचं माणूस काय म्हणतंय ते ऐकायची त्यांना सवयच नव्हती. आम्हीच ती लागू दिली नव्हती.

पुढं जे आठवडे गेले ते फार वाईट गेले. कार्यक्रम दाखवला जाईपर्यंत निकाल कुणालाही सांगायचा नाही अशी भाग घेणाऱ्यांना अट होती. गल्लीतली माणसं अण्णांना अडवून विचारायची, "काय मास्तर, आला होता म्हणे फोन?" रशीदभाई तर गिरणीच्या ओट्यावरून हसून हात वर करायचे. अण्णा मान डोलावून घरात यायचे. चूक घरातल्या आम्हा तिघांनाच ठाऊक होती. आणि एक आशाही आम्हा तिघांनाच ठाऊक होती, की तिनं त्यांचं ऐकलं नसेल. तिला खुलताबाद वाटत होतं. किंवा तिला शंका आली असेल, आणि ती थांबली असेल. थांबली असेल तरी सुटली. देवासमोर उदबत्ती लावताना आई पुटपुटायची ते मी ऐकलंय: "पोरीनं ह्यांचं ऐकलेलं नसू दे." ज्या घरात अण्णांचा शब्द खाली पडत नव्हता, त्या घरात हे मागणं चाललं होतं.

उज्ज्वलाताई मुंबईहून आली ती दादांबरोबर, जीपमधूनच. चेहऱ्यावर काही नाही. नेहमीसारखी अण्णांच्या पाया पडली. अण्णांनी पाय मागं घेतले. "प्रवास नीट झाला?" एवढंच त्यांनी विचारलं.

"झाला अण्णा. बाकीचं बोलायचं नाय असं लिहून दिलंय," ती म्हणाली. "थोडे दिवस गावाकडं ऱ्हाते."

ती वर गेली, कपडे घेऊन खाली आली. जीप गेल्यावर अण्णांनी मला हळूच विचारलं, "पुस्तकं नेली की ठेवली?" मी वर जाऊन बघितलं. सगळी पुस्तकं जागच्या जागी होती. अण्णा म्हणाले, "ठेवली म्हणजे परत येणार." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "नाहीतर आता लागणार नाहीत म्हणून ठेवली." अण्णा त्या दिवसांत अर्धी भाकरी मोडून ताटात ठेवून उठायचे. शाळेत जायचे, यायचे. भिंतीच्या वादातले ते दोघे भाऊ पुन्हा आले तर अण्णा म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा बाबांनो." ते दोघे इतके चक्रावले की भांडण विसरूनच निघून गेले.

मग दादांचा फोन आला. "मास्तर, रविवारी दाखवणार हाय. समद्या गावाला सांगितलंय, पाव्हणेबी येतील. तुम्ही याच. वहिनींना अन् लेकीला घेऊन." आवाजावरून काही कळेना. माणूस आनंदानं बोलावतोय की गावासमोर उभं करायला? आई म्हणाली, "ताप आलाय म्हणून कळवा." "जायचं," अण्णा म्हणाले. "मला तिथंच बसायला हवं."

आम्ही बसनं फुलंब्रीपर्यंत गेलो आणि तिथून दादांच्या पुतण्यानं जीपनं नेलं. वाटेत दोन्ही बाजूंना अद्रकाची हिरवी शेतं होती, आणि पुतण्या सारखा बोलत होता: आमच्या ताईचं अख्ख्या तालुक्यात नाव झालंय. अण्णा हूं हूं करत होते. अंगणात टेबलावर टीव्ही मांडला होता. वीज जाईल म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडून ठेवली होती. ओट्यावर गडीमाणसं, खाली सतरंजीवर बाया आणि पोरं. पुढच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर स्थळ आणणारा मुलाचा मामा बसला होता, पांढऱ्या कपड्यातला, तोंडात पान. दुसरी खुर्ची अण्णांना. उज्ज्वलाताई दिसेना. ती आत तिच्या आईबरोबर होती. बाहेर आली ती चहाचा ट्रे घेऊन, आणि अण्णांच्या हातात कप देताना तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही.

कार्यक्रम सुरू झाला. पडद्यावर ती इतकी वेगळी दिसत होती. निळी साडी, चेहऱ्यावर झगमगता उजेड, आणि तरी अगदी ती. पहिले प्रश्न तिनं तव्यावरच्या भाकरीसारखे उलटवले. प्रत्येक उत्तराला अंगणात शिट्ट्या. कॅमेरा मधूनच प्रेक्षकांत बसलेल्या दादांवर जायचा, तेव्हा पोरं ओरडायची, "दादा! दादा दिसले!" खरे दादा ओट्याच्या कडेला उभे होते, हाताची घडी घालून, पडद्याकडं न बघता लोकांकडं बघत. ती चढत गेली. एकदा अडली, विचार केला, सुटली. पुन्हा शिट्ट्या. मामांनी पान थुंकून म्हटलं, "हुशार हाय पोरगी. मानलं."

आणि मग तो प्रश्न आला. सूत्रसंचालकानं चारही पर्याय वाचले. उज्ज्वलाताईनं ओठ मिटले. "मला खुलताबाद वाटतंय," ती म्हणाली, "पण आमच्याच जिल्ह्याचा प्रश्न आहे, चुकायला नको. मी अण्णांना विचारते. ते इतिहास शिकवतात." फोनची घंटा अंगणभर वाजली. मी आईचा हात धरला. अण्णा खुर्चीत सरळ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. टीव्हीतून त्यांचाच आवाज आला, गिरणीशिवायचा, स्वच्छ, ठाम. नाही नाही, दौलताबाद. मी सांगतो ना.

फोन तुटला. सूत्रसंचालक हसून म्हणाला, "तुम्हाला खुलताबाद वाटत होतं. काय करायचं? थांबायचं असेल तरी थांबू शकता." पडद्यावरची ती क्षणभर खाली बघत राहिली. मी मनात ओरडत होते, थांब, थांब. माझ्या शेजारी अण्णांचे ओठ हलत होते. तेही तेच म्हणत असणार. मग तिनं मान वर केली आणि म्हणाली, "अण्णा म्हणाले म्हणजे झालं. दौलताबाद."

उत्तर चुकल्याचा तो भोंगा वाजला. मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तरनं बुडिवलं की रं." दुसरं कुणी "श्श" म्हणालं. पडद्यावर उज्ज्वलाताई हात जोडून उठत होती, ताठ मानेनं, सूत्रसंचालकाला धन्यवाद म्हणत. कुणाचं लक्ष नव्हतं. सगळं अंगण अण्णांकडं बघत होतं.

अण्णा उभे राहिले. मला वाटलं, आता निघायचं. पण ते लोकांकडं वळले. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा नव्हता, त्यात मध्येच हवा शिरत होती. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मला येत होतं. दरवर्षी मुलांना तिथं नेतो मी. तिचंही बरोबर होतं, ती मला सांगत होती, आणि मी ऐकलं नाही. दादा, तिला हरलेली धरू नका. ती माझ्यामुळं हरली."

मामा खाकरले. "असू द्या मास्तर, व्हतं असं. झालं ते बऱ्यासाठीच. दादा, आता शब्दापरमाणं तारीख काढून टाकू."

"थांबा पाव्हणं," दादा म्हणाले.

ते ओट्यावरून खाली उतरले. पडद्यावर जाहिरात लागली होती, कुणीतरी आवाज बारीक केला. दादा अण्णांसमोर येऊन उभे राहिले. मला खरोखर भीती वाटली. केवढा तो माणूस.

"म्या तिथंच बसलो व्हतो मास्तर," ते म्हणाले. "म्या हे समदं बघून आलोय. मला मलिक अंबर कोण ते बी ठाव नाय. पर मह्या पोरीच्या तोंडात बरोबर उत्तर आलं व्हतं, त्ये दिसलं मला. अन् तिनं गिळलं. काऊन? तर मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून. रागबी आला तुमचा, खोटं कशाला सांगू. जीपमधी रातभर मनात तुम्हाला शिव्या दिल्या. मग घरी आलो, अन् ह्ये पाव्हणे तारीख इचारायला लागले, अन् मला काय सुचंना." ते थांबले. आपल्या गावासमोर, पाहुण्यांसमोर, त्यांना पुढचं बोलणं जड जात होतं. "तुम्ही एवढे शिकलेले, तुमचाच धंदा ह्यो, तरी तुम्ही चुकलात. म्या तर सातवी नापास. तिच्या जल्माचं म्या जे ठरवतो त्ये बरोबरच हाय कशावरनं?"

दादांनी दाराकडं बघितलं. उज्ज्वलाताई चौकट धरून उभी होती. "उज्ज्वला," ते म्हणाले, "इकडं ये. पाव्हण्यांच्या समोर सांग. तुला लगीन करायचं का अभ्यास?"

ती पुढं आली. सवयीनं तिची नजर आधी अण्णांकडं गेली, मग दादांकडं. दोघंही तिच्याकडंच बघत होते आणि दोघांपैकी कुणीही मान हलवली नाही. तिला ते क्षणभर झेपेना असं वाटलं. मग ती म्हणाली, "मला परीक्षा द्यायचीय. लग्नाचं मला नाय सांगता येत अजून." आणि सगळं प्रसारण झाल्यावर, सगळ्या गावानं बघून झाल्यावर, मुंबईत न रडलेली ती पोरगी तिथं उभी राहून रडली. तिच्या आईनं पदरानं तिचं तोंड पुसलं. मामा चप्पल घालून उठले. जेवून जा म्हणून दादांनी आग्रह केला, ते थांबले नाहीत. आम्ही जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही. अण्णांनी भाकरी मोडून ठेवली नाही एवढं मात्र आईनं बघितलं आणि मला कोपरानं दाखवलं.

उज्ज्वलाताई आणखी दोन वर्षं आमच्या वरच्या खोलीत राहिली. पुढच्या परीक्षेत पुन्हा राहिली, त्यानंतरच्यात निघाली, आणि विस्तार अधिकारी होऊन लांबच्या तालुक्यात गेली. लग्न तिनं उशिरा केलं, स्वतः बघून. दादा त्या लग्नात फार आनंदात होते असं मी म्हणणार नाही. जावई त्यांना जरा बारीक वाटला. पण सगळ्यांना वाढायला तेच उभे होते. आमच्या शहराच्या पाटीवरचं नाव आता बदललंय, गिरणी गेली, तिथं मोबाईलचं दुकान आलं. अण्णाही गेले.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारनंतर ती गावाहून आमच्याकडं परत आली त्या आठवड्यातलं. जेवायला बसलो होतो. अण्णा कुठल्याशा तहाबद्दल बोलत होते, त्यात मराठ्यांना कोणते किल्ले मिळाले ते सांगत होते. उज्ज्वलाताईचा घास हातात थांबला. तिचा चेहरा लाल झाला, आणि ती म्हणाली, "नाय अण्णा. मला नाय वाटत तसं."

आईच्या हातातला आमटीचा डाव तसाच राहिला. मी खाली ताटात बघितलं. अण्णा उठले, उष्ट्या हातानंच. डाव्या हातानं कपाटातून जाडजूड ग्रंथ काढला, कोपरानं पानं उलटली आणि ताटाच्या बाजूला तिच्यासमोर उघडून ठेवला. "बघ," ते म्हणाले. "तूच बघ."

अण्णांचंच बरोबर निघालं. पण उज्ज्वलाताईनं ते पान दोनदा वाचलं, आणि मगच मान्य केलं.